खरेदी सोपी, सांभाळणं महाग: आयटीचं टेबल नव्याने घेणाऱ्यांसाठी

सरकारी कार्यालयात आयटीचं टेबल हाती आलं की पहिल्याच आठवड्यात दोन कागद शोधायचे: जडसंग्रह नोंदवही (कार्यालयातल्या टिकाऊ वस्तूंची नोंद, म्हणजे डेड स्टॉक रजिस्टर) आणि चालू देखभाल करारांची यादी. नोंदवही सापडते. यादी बहुधा कुणी केलेलीच नसते, ती आधी करा. वस्तू, संख्या, पुरवठादार, वॉरंटी संपण्याची तारीख, वार्षिक रक्कम, लेखाशीर्ष (खर्च अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यात टाकायचा ते) एवढे रकाने पुरेत. विंडोज १० वर चालणारी यंत्रं वेगळी काढा. त्याचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

ही यादी लागते, कारण खरेदीला पैसा मिळतो, देखभालीला मिळता मिळत नाही. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून यंत्रं येतात. वॉरंटी संपल्यावर चौथ्या वर्षीचं देखभालीचं बिल मात्र कार्यालयाच्या नेहमीच्या तरतुदीतूनच भागवायचं असतं.

समजा, नाशिक जिल्ह्याच्या १५ तालुक्यांसाठी प्रत्येकी ४, म्हणजे ६० संगणक घ्यायचेत. ५० हजारांनी ३० लाख. प्रस्तावात सहसा एवढंच असतं. त्याखाली पाच वर्षांचा हिशेब मांडा (दर अंदाजी, तुम्ही चालू दर टाका). तीन वर्षांच्या वॉरंटीनंतर दोन वर्षं ६ टक्क्यांनी देखभाल: ३ लाख ६० हजार. यूपीएसच्या बॅटऱ्या एकदा बदलणं: ७२ हजार. अँटिव्हायरस: १ लाख ८० हजार. १५ ठिकाणी महिना दीड हजाराचं इंटरनेट: साडेतेरा लाख. बेरीज १९ लाख ६२ हजार, आणि टोनर अजून धरलेलाच नाही. हा तक्ता प्रशासकीय मान्यतेच्या टिपणीला जोडा. साहेब कपाळाला आठ्या घालतील, पण त्या आत्ता पडलेल्या बऱ्या.

निविदेत यंत्रांचा तपशील (स्पेसिफिकेशन) लिहिताना एखाद्या कंपनीचं माहितीपत्रक उतरवू नका. निविदापूर्व बैठकीत दुसरा पुरवठादार नेमकं त्यावर बोट ठेवतो, मग शुद्धिपत्रक काढा, मुदत वाढवा. निविदा काढावी लागू नये म्हणून रकमेच्या मर्यादेखाली बसवायला खरेदीचे तुकडे पाडणं तर लेखापरीक्षणाला आयतं आमंत्रण.

सगळ्यात जास्त नुकसान वॉरंटीच्या एका ओळीत होतं. 'पुरवठ्याच्या तारखेपासून ३ वर्षे' असं लिहिलं की मार्चअखेर खोकी येतात, वायरिंग झालेलं नसतं, अर्थिंग नसतं, आणि सुरगाण्याला यंत्र लागेपर्यंत सहा महिने गेलेले असतात. 'तालुका कार्यालयात जोडणी होऊन अहवालावर सही झाल्याच्या तारखेपासून' असं लिहा. अहवालात अनुक्रमांक, रॅम, डिस्क आणि यूपीएस भारावर किती मिनिटं टिकला हे भरून घ्या. ही अट निविदेतच हवी, नंतर कुणी ऐकत नाही. जेम (GeM) या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलवरून घेतलेला माल आल्यावर दहा दिवसांत तपासून स्वीकृती प्रमाणपत्र द्यायचं असतं. तेव्हा तपासणारी माणसं ऑर्डर देतानाच ठरवा. खोकं न उघडता पोच देणारे बरेच असतात.

आता नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा २०२७. घाईत कॅमेरे, पडदे, ॲप यांचे प्रस्ताव येतील. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: मेळा संपल्यावर हे कोण चालवणार, कोणत्या लेखाशीर्षातून? उत्तर नसेल तर भाड्याने घ्या. चार-सहा महिन्यांच्या गरजेसाठी पाच वर्षांची मालमत्ता उभी करू नये.

सॉफ्टवेअरमध्ये तर पुरवठादाराच्या हाती किल्ल्या राहिल्या की कार्यालय त्याचं बांधील होतं. डोमेन आणि क्लाऊडचं खातं पुरवठादाराच्या खासगी ईमेलवर नको, कार्यालयाच्या अधिकृत पदनामाच्या ईमेलवर हवं. सोर्स कोड, डेटाबेसची रचना आणि ॲडमिन पासवर्ड यांचं हस्तांतरण करारातच घाला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या यादीतल्या संस्थेकडून सुरक्षा लेखापरीक्षण करून घ्या. पहिल्या फेरीत त्रुटी निघतात, दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणी होते, म्हणून वेळापत्रकात दोन फेऱ्यांना जागा ठेवा. त्याचा खर्च कुणाचा हेही आधीच लिहा, नाहीतर शेवटी दोघंही हात वर करतात.

शेवटचं किमान १० टक्के देयक रोखून धरण्याची अट ठेवा, आणि ते सोडण्याआधी पुरवठादारासमोर बॅकअप दुसऱ्या संगणकावर चढवायला लावा. त्यातून सहा महिन्यांपूर्वीचा एखादा अर्ज जोडपत्रांसकट उघडला, तरच बिलावर सही करा.