दृष्टिबाधित विद्यार्थ्यासाठी गणित वाचनीय कसे करावे

मुंबईतल्या अनेक वर्गांत गणिताच्या टिपणांचे मोबाइलवर फोटो काढून ते व्हॉट्सॲपवर पाठवले जातात आणि दृष्टिबाधित विद्यार्थ्याची वाट तिथेच अडते, कारण फोटोतल्या समीकरणाची रचना स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) कळत नाही. म्हणून पहिले पाऊल शिक्षकाने उचलावे आणि फोटोऐवजी समीकरण टाइप करून द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचे चिन्ह या कळा एकत्र दाबल्या की समीकरणाची चौकट उघडते. तिथे 1/(एक्स+1) ही राशी, अर्थात चल इंग्रजी अक्षरात ठेवून, टाइप करावी आणि स्पेस दाबावी; अपूर्णांक तयार होतो. कंस मात्र विसरू नये. तो राहिला तर छेदात केवळ एक्स उरतो, अधिक एक बाहेर पडतो आणि विद्यार्थी वेगळेच उदाहरण सोडवत बसतो.

विद्यार्थ्याने विंडोज संगणकावर एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर बसवावा. त्याच्या आवृत्तीत गणितवाचनाची सोय आधीपासून नसेल, तर ॲड-ऑन स्टोअरमधून मॅथकॅट हे पूरक साधन घ्यावे. ते समीकरण बोलून दाखवते आणि ब्रेल डिस्प्ले (बोटांनी वाचायचे ब्रेल ठिपके उमटवणारे उपकरण) जोडलेला असल्यास नेमेथ ब्रेलमध्येही, म्हणजे गणितासाठीच्या ब्रेल लिपीत, देते. लांब समीकरण एका दमात ऐकून लक्षात राहत नाही, म्हणून एनव्हीडीएची कळ (बहुधा इन्सर्ट), ऑल्ट आणि एम एकत्र दाबून समीकरणाच्या आत शिरावे. मग उजव्या बाणाने पुढच्या पदाकडे, खालच्या बाणाने अंश-छेदाच्या तपशिलात आणि वरच्या बाणाने पुन्हा पूर्ण राशीकडे जाता येते. एस्केपने बाहेर पडावे. ही सवय हाताला लागेपर्यंत साध्या अपूर्णांकांवरच सराव करावा, थेट समाकलनाला हात घालू नये.

आलेखांसाठी डेसमॉस हे ऑनलाइन आलेख-गणकयंत्र वापरावे. समीकरणाच्या ओळीवर ऑल्ट आणि टी दाबून ऑडिओ ट्रेस, म्हणजे आलेख आवाजातून ऐकवणारी सोय, सुरू करावी व आलेख ऐकण्यासाठी एच दाबावे. वक्र वर चढतो तसा स्वर चढतो.

प्रत्यक्ष मार्गदर्शन हवे असल्यास सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिबाधितांसाठीच्या संसाधन केंद्राकडे विचारणा करावी. प्रश्नपत्रिकाही अशाच टाइप केलेल्या, स्क्रीन रीडरला वाचता येणाऱ्या स्वरूपात मिळावी, ही मागणी मात्र सत्राच्या सुरुवातीलाच लेखी द्यावी.