ऑलिव्ह तेलाचा साबण पहिल्यांदा करताना

शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: पहिला साबण निव्वळ ऑलिव्ह तेलाचा करा. रंग, सुगंध, सुकलेल्या पाकळ्या यांचा मोह होतोच, पण ते सगळं नंतर. तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा एवढंच असलं की काय बिघडलं आणि कशामुळे, ते लवकर कळतं. पॅलेस्टाईनमधल्या नाबलुसचे कारागीर पिढ्यानपिढ्या एवढ्याच सामग्रीत साबण करत आलेत. सीरियातल्या अलेप्पोत त्यात लॉरेल या सुगंधी झाडाच्या फळांचं तेल पडतं. दोन्हीकडे मिश्रण मोठ्या कढईत शिजवतात, जमिनीवर ओततात, घट्ट झालं की कापून वड्यांवर शिक्के मारतात आणि मधून हवा खेळेल अशा रचून महिनोनमहिने वाळवतात. २०२४ मध्ये युनेस्कोने या दोन्ही परंपरांची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली.

घरी आपण न शिजवता, थंड पद्धतीने करतो. ५०० ग्रॅम तेलाला ६४ ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि साधारण १३० ग्रॅम पाणी. एवढ्या तेलाचा पूर्ण साबण व्हायला ६७ ग्रॅमच्या आसपास सोडा लागतो. आपण मुद्दाम पाच टक्के कमी घेतो, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि त्वचेला झोंबणारा सोडा मागे उरत नाही. पाणीसुद्धा वजनावरच घ्या. कप-चमच्याचं माप इथे चालत नाही. ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा वजनकाटा ही पहिली खरेदी, सुंदर साचे मागाहून. आणि हे आकडे दुसऱ्या तेलाला लावू नका. खोबरेल तेलाला सोडा बराच जास्त लागतो.

सोडा म्हणजे शुद्ध सोडियम हायड्रॉक्साइड; खायचा किंवा धुण्याचा सोडा नव्हे, आणि मोरी साफ करायची पावडरही नव्हे. डोळ्यांवर गॉगल, हातात मोजे, पूर्ण बाह्या, खिडकी उघडी, मुलं खोलीबाहेर. नेहमी पाण्यात सोडा घालायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. उसळून अंगावर येतं. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं घ्या. अ‍ॅल्युमिनियमला सोडा खाऊन टाकतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. त्वचेवर थेंब उडाला तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा आणि बराच वेळ धरून ठेवा. व्हिनेगर चोळायचा सल्ला ऐकू नका.

तेल आणि सोड्याचं पाणी दोन्ही चाळीस अंशांच्या आसपास आलं की त्या सोड्याच्या पाण्याची बारीक धार तेलात धरा आणि ढवळायला लागा. ऑलिव्ह तेल इथे दम काढतं. हँड ब्लेंडर थांबून थांबून चालवला तर काम काही मिनिटांत होतं. नुसत्या हाताने तासाच्या वर सहज जातो. तरी पहिला घाणा हाताने ढवळावा असं माझं मत आहे, कारण मग बदल डोळ्यांदेखत होतो. आधी नितळ हिरवट तेल, मग ते गढूळ होतं, रंग उतरत जातो, चमचा जड वाटायला लागतो. चमच्यातून सोडलेली धार पृष्ठभागावर रेघ होऊन क्षणभर टिकते आणि मग आत जाते. यालाच ट्रेस म्हणतात. ब्लेंडर वापरलात तर थोडं थांबून बघा. तेलाचे तवंग परत वर आले तर ट्रेस आलेला नाही. ट्रेस आला की साच्यात ओता.

दोन-तीन दिवसांनी साच्यातून काढून वड्या कापा. मऊ वाटल्या तर अजून एक-दोन दिवस राहू द्या, या तेलाचा साबण उशिराच घट्ट होतो. वर पांढरी भुकटी दिसली तर ती सोड्याची हवेशी झालेली क्रिया असते, पुसली की गेली.

आता मुरवणं. इथेच सगळ्यात जास्त साबण वाया जातात, कारण लोक लवकर वापरतात. सोड्याची क्रिया थोड्याच दिवसांत जवळपास संपलेली असते. पुढचा काळ पाणी उडून वडी टणक होण्याचा आणि फेस सुधारण्याचा. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल भरपूर असल्यामुळे कोवळ्या साबणाचा फेस बारीक आणि बुळबुळीत लागतो, आणि नवशिक्याला वाटतं कृतीच फसली. सहा आठवडे ही कमीत कमी मुदत. सहा महिन्यांनी तोच साबण पुष्कळ चांगला होतो, वर्षाने आणखी. एक वडी दर आठवड्याला वजनकाट्यावर ठेवा. वजन उतरायचं जवळजवळ थांबलं की पाणी गेलं असं समजा. पहिल्या घाण्यातल्या दोन वड्या वर्षभर राखून ठेवाच.

विकायचा विचार असेल तर सौंदर्यप्रसाधनांचे आणि लेबलांचे नियम आधी तपासा, त्वचारोग बरे होतात असं छापू नका. आणि वही ठेवा: तेल कोणतं, बाटली कधी फोडली, प्रत्येक वजन, ट्रेसला लागलेला वेळ, कापल्याची तारीख. काही महिन्यांनी वड्यांवर नारिंगी डाग पडून खवट वास यायला लागला, तर तेल जुनं होतं का, ते त्या नोंदींवरूनच शोधता येतं.