डॉल्फिन ओळखायला निघण्याआधी

गेल्या डिसेंबरात आम्ही बेळगावहून सहाजण मालवणला गेलो. डॉल्फिन दिसले, अगदी जवळून. परतताना आंबोलीत चहाला थांबलो तेव्हा कुणाला सांगता येईना, पाठीला कुबड होतं की नव्हतं. फोनमधल्या फोटोंत नुसतं पाणी. तेव्हा आधी वही आणि पेन्सिल. पेन नको, ओल्या कागदावर शाई पसरते. पेन्सिल दोरीनं गळ्यातच बांधा.

घरीच त्या वहीत चार जातींच्या पाठींची चित्रं काढून ठेवा. आपल्याकडे किनाऱ्यालगत बहुतेकदा दिसतो तो हंपबॅक डॉल्फिन. पाठीच्या मधोमध लांबट कुबड, त्यावर छोटा पर. वर येताना लांब चोच आधी पाण्याबाहेर येते. पिल्लांचं कुबड भरलेलं नसतं, म्हणून मोठ्या जनावरावर नजर ठेवा. बॉटलनोजला कुबड नाही. त्याचा पर उंच, कोयत्यासारखा मागे वळलेला, चोच आखूड. स्पिनर खोल पाण्यातला, चोच बारीक आणि लांब, उडीत स्वतःभोवती गिरक्या घेतो. नुसती उडी बघून स्पिनर लिहू नका, उड्या बाकीचेही मारतात. चौथा खरं तर डॉल्फिनच नव्हे, त्याचा भाऊबंद, फिनलेस पॉरपॉइज. पाठीवर पर नाही, चोच नाही, डोकं गोल. पर दिसला नाही तर तसंच लिहा, तीच मोठी खूण आहे.

पाठ दिसली की आधी रेघ ओढा, मग बोला. एकानं ‘कुबड!’ म्हटलं की सगळ्यांना कुबड दिसायला लागतं. प्रत्येकाची वही वेगळी, पेन्सिलही वेगळी. एक सगळ्यांत मिळून नको.

मुक्काम आदल्या रात्रीच मालवणात करा आणि पहाटेची होडी ठरवा. वारा सुटला की प्रत्येक फेसाळ लाट पाठच वाटते. दुर्बीण आठ पटीची पुरे, त्याहून मोठी होडीत हलते. पावसाळ्यात जाऊ नका.

तांडेलांना, म्हणजे होडी चालवणाऱ्यांना, आधीच सांगा, पाठलाग नको, इंजिन मंद ठेवा. हंपबॅक आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत संकटग्रस्त आहे. त्याला पिटाळून मिळालेली नोंद मला नको.

लाइफ जॅकेट, टोपी, पाणी. उलटीची गोळी निघण्याआधी. वेळ, जागा, किती होते, पिल्लं होती का, हे किनाऱ्याला लागण्याआधी लिहून टाका. पेन्सिल दोन घ्या, टोक मोडतं.