गडावरच्या भुताची गोष्ट गोळा कशी करावी

वही, पेन, आवाज टिपणारा फोन आणि गावातल्या कुणाची तरी ओळख, एवढं घेऊन सकाळी पन्हाळ्याला निघावं. सकाळीच. रात्री बारा वाजता अंधारबावेत, म्हणजे गडावरच्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत, कॅमेरा लावून बसा, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नये. त्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि पाय सटकला तर धरायला काही नाही. शिवाय गोष्टी रात्री बावेत सापडत नाहीत. त्या दुपारच्या जेवणानंतर सोप्यात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांकडं असतात, आणि ती माणसं दरवर्षी कमी होत चालली आहेत.

एका वेळी एकच जागा, एकच गोष्ट धरावी. ‘पन्हाळ्याची भुतं’ हा विषय होत नाही. ‘अंधारबावेतलं भुयार’ हा होतो.

जाण्याआधी वाचून जावं. गड शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीचा. सिद्दी जौहरचा वेढा १६६० चा. कोंडाजी फर्जंदानं साठ माणसांनिशी गड घेतला तो १६७३ मध्ये. आणि जे बहुतेकांना माहीत नसतं ते: १८४४ मध्ये गडकऱ्यांनी बंड केलं, इंग्रजांनी तोफा लावून तट फोडला आणि ‘चार दरवाजा’ नावाचं प्रवेशद्वार पाडलं. आज आपण जी पडझड बघतो तिच्यातली बरीचशी त्या वेळची आहे. करवीर नगर वाचन मंदिरात एक दिवस बसलात तर एवढं सहज हाती लागतं. कोल्हापूरचं १८८६ चं इंग्रजी गॅझेटियरही चाळावं, कारण आज ‘पूर्वापार’ म्हणून सांगितलेली गोष्ट तेव्हा कुणी सांगत होतं का, हे तिथं बघता येतं.

आता विचारणं. सगळं काम इथंच बिघडतं, आणि माझं बिघडलं होतं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्याच वर्षी गडाच्या पायथ्याच्या एका गावात एक आज्जी भेटल्या. ऐंशीच्या पुढच्या. सुपात हरभरे निवडत होत्या. मी बसलो आणि थेट विचारलं, “आज्जी, तीन दरवाज्यापाशी रात्री पांढरा घोडा दिसतो म्हणतात, खरं काय?” तीन दरवाजा हे गडाचं एक प्रवेशद्वार, आणि तो घोडा मी कुठंतरी वाचला होता. आज्जींनी सुपातला खडा वेचून बाजूला टाकला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “असंल बाबा.” मी लिहून घेतलं: स्थानिक वृद्धांचाही दुजोरा. ते छापूनही आलं. तीनेक वर्षांनी तीन दरवाज्यापाशी एक तरुण वाटाड्या पर्यटकांना पांढऱ्या घोड्याची गोष्ट रंगवून सांगत होता. “इथल्या म्हाताऱ्या माणसांनी डोळ्यांनी बघितलाय,” म्हणाला. तो घोडा गावात मी आणला होता. तोवर आज्जी गेल्या होत्या. त्यांच्या मनात त्या दिवशी काही सांगायचं असेल, तर ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तेव्हापासून भुताचं नाव मी माझ्या तोंडानं कधी घेत नाही. तुम्हीही घेऊ नका. घोडा, बाई, दिवा, आवाज, यातलं काहीही आधी बोलू नका. माणूस पाहुण्याचा मान राखतो आणि तुम्ही जे विचाराल त्याला हो म्हणतो.

मग विचारायचं काय? कामाचं विचारा. पाण्याला कुठं जात होता? गुरं कुठवर न्यायचा? जळणाला कुठली वाट? आणि हे सगळं बोलून झाल्यावर एकच प्रश्न: “लहानपणी कुठं जाऊ नको म्हणायचे?” इतकं विचारून गप्प बसा. ही शांतता नवशिक्याला सोसत नाही, तो मध्येच बोलतो आणि गोष्ट तिथंच मोडते. मी मनात पन्नासपर्यंत आकडे मोजतो. बहुतेक वेळा तीस व्हायच्या आत समोरचा माणूस आवाज खाली आणतो आणि सांगायला लागतो.

सांगून झालं की ‘खरं का?’ असं विचारू नका. “तुम्हाला कुणी सांगितलं?” असं विचारा. “लोक म्हणतात” असं उत्तर आलं तर नात्यावर या: आई? चुलता? सासू? बाईमाणूस सांगत असेल तर माहेर कुठलं हे विचारायलाच हवं. लग्न होऊन आलेली मुलगी गोष्टही माहेराहून घेऊन येते. बुरुजात गाडलेल्या बाळंतिणीची एक गोष्ट मी दोन वर्षं पन्हाळ्याची म्हणून जपली होती. ती सांगणाऱ्या मावशींच्या माहेरच्या गढीची निघाली. चूक मावशींची नव्हती. मी विचारलंच नव्हतं.

आणि कुणाला शहाणपण शिकवू नका. एकदा माझ्यासोबतच्या मुलानं भर सोप्यात “ही अंधश्रद्धा आहे हो, आज्जी” असं म्हटलं. आज्जी उठून आत गेल्या. त्या घरात पुन्हा कुणी आमच्याशी बोललं नाही.

यानंतरची पायरी गोष्टीचे थर सोडवण्याची. गंगू तेलिणीचं बघा. भोज राजा तट बांधत होता, तट टिकेना, म्हणून गंगू तेलिणीचा बळी दिला, अशी गोष्ट गडावर सांगतात. ‘कहाँ राजा भोज, कहाँ गंगू तेली’ ही म्हणही त्यालाच जोडतात. पण हीच म्हण धारच्या परमार भोजालाही जोडलेली आहे. तो अकराव्या शतकातला. तिथं गंगू म्हणजे गांगेय आणि तेली म्हणजे तैलप हे त्याचे शत्रू राजे, असा अर्थ लावतात. दोन भोज राजे, दोन प्रदेश, नाव एकच. शिवाय बांधकाम टिकेना म्हणून जिवंत माणूस गाडल्याची गोष्ट अनेक गडांवर ऐकायला मिळते. अशा वेळी एक खरी आणि दुसरी खोटी ठरवण्याच्या नादाला लागू नये. दोन्ही लिहाव्या, कोणती कुठं ऐकली ते लिहावं.

काळ लावायचा तर गोष्टीतली सगळ्यात अलीकडची वस्तू शोधावी. कंदील आला, एसटी आली, डांबरी रस्ता आला, तर आत्ताचं हे रूप त्या वस्तूच्या नंतरचं. गाभा जुना असू शकतो.

भुयाराचीही तीच गत. इथल्या प्रत्येक गडावरून कुठल्या तरी देवळापर्यंत भुयार जातं म्हणतात, आणि महाराज पन्हाळ्यावरून भुयारातूनच निसटले असंही सांगतात. गडावर मात्र ती वाट राजदिंडीची, म्हणजे तटातल्या एका छोट्या दरवाज्याची, म्हणून दाखवतात. तिथून खाली उतरून, भर पावसात, साधारण साठ किलोमीटर विशाळगडाकडं. अंधारबावेच्या मधल्या मजल्यावरही गडाबाहेर पडायची चोरवाट आहे. तटातली छोटी दिंडी आणि विहिरीतली चोरवाट सांगता सांगता मैलोगणती भुयार होते, हे मला समजतं आणि त्यात कुणी लबाडी केली असं वाटत नाही. भुयार किंवा गुप्तधन शोधायला दगड हलवू नका. गड संरक्षित स्मारक आहे, तो गुन्हा आहे. आणि एकदा हललेला दगड पुन्हा जागेवर बसत नाही.

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरच्या चकव्याबद्दल थोडक्यात. धुक्यात खूण दिसेनाशी झाली की माणूस सरळ चालतोय असं समजून गोल फिरतो. जर्मनीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये माणसं चालवून हे दाखवलं आहे. पठारावर जाणाऱ्यानं होकायंत्र न्यावं आणि गुराख्यांच्या चकव्याच्या गोष्टी जपून ऐकाव्यात, कारण नेमकं कुठं वाट चुकते ते त्यात सांगितलेलं असतं.

आकाशातले दिवे कुणी सांगितले तर वेळ आणि दिशा लिहून घ्या. सूर्य मावळल्यावर खाली अंधार पडतो, पण उंचावरच्या विमानावर ऊन असतं आणि ते पेटल्यासारखं दिसतं. अमेरिकेनं १९५५ पासून यू-टू हे गुप्त विमान साठ हजार फुटांच्या वर उडवलं. खालची प्रवासी विमानं तेव्हा त्याच्या निम्म्या उंचीवरही जात नसत. वैमानिकांनी संध्याकाळी चमकतं काहीतरी बघितलं, सरकारला खरं सांगता येईना, आणि उडत्या तबकड्यांच्या कहाण्या वाढल्या. पुढं तिथल्या गुप्तचर खात्याच्याच इतिहासकारानं लिहिलं की त्या काळातल्या निम्म्याहून जास्त तक्रारी अशा टेहळणी विमानांच्या होत्या. तक्रार करणारे खोटं बोलत नव्हते. म्हणून आपल्याकडच्या माणसानं “दिवा बघितलो” म्हटलं तर दिवा लिहावा, तबकडी लिहू नये.

कोल्हापुरात रंकाळा तलावाकाठच्या नंदीपाशी मात्र मोजायची टेप घेऊन जाऊ नका. तो रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो म्हणतात. ती मोजायची गोष्ट नव्हे. पुढं जाताना गहू आणि मागं येताना तांदूळ का, हे सांगणाऱ्याला विचारा. मला मिळालेली सगळ्यात सुंदर उत्तरं त्या एका प्रश्नाला मिळाली आहेत.

लिहिताना बोली बदलू नये. कोल्हापुरातली बाई “मी गेलो, मी बघितलो” म्हणते, ते तसंच ठेवावं. पुस्तकी केलं की आवाज जातो.

आणि शेवटी, छापायच्या आधी, ज्यांनी सांगितली त्यांच्यापुढं बसून गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवावी. मागच्या पावसाळ्यात एका आज्जींना अशीच वाचून दाखवत होतो. तटावरून उतरत जाणाऱ्या उजेडाची गोष्ट. ‘मशाल’ या शब्दाशी त्यांनी माझं मनगट धरलं.

“मशाल न्हवं रं. चूड. गवताची. आमच्याकडं तेल कुठलं आलंय मशालीला?”

मी मशाल खोडली आणि चूड लिहिलं.