पंधरा वर्षं झालेल्या दुचाकीचं रिपासिंग कसं करावं, आणि वाढलेला खर्च आटोक्यात कसा ठेवावा

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंदणीची मुदत संपण्याची तारीख छापलेली असते. गाडी नवी असताना ती इतकी लांब असते की कोणी लक्षात ठेवत नाही. माझ्या वडिलांच्या मोटारसायकलची ती तारीख उलटून आठ महिने झाले होते, तेव्हा कुठे घरात कोणी आरसी नीट वाचली. रिपासिंगची फी होती १००० रुपये. उशिराचे लागले २४००. हा लेख त्या २४०० रुपयांमुळे लिहितोय. महाराष्ट्रात घरोघरी दहा-पंधरा वर्षांच्या गाड्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांवर हीच पाळी येणार आहे.

आधी फी किती वाढली ते बघू. खासगी दुचाकीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. यालाच आपण रिपासिंग म्हणतो. पूर्वी दुचाकीच्या नूतनीकरणाला ३०० रुपये पडत. १ एप्रिल २०२२ पासून १००० झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने नियम पुन्हा बदलले आणि वीस वर्षांवरच्या दुचाकीसाठी ही फी २००० रुपये केली. परदेशातून आणलेल्या दुचाकीला याच टप्प्यावर २०,००० लागतात. कोऱ्या मोटारसायकलच्या नोंदणीची फी मात्र अजून ३०० रुपयेच आहे. जुन्या गाड्या लोकांनी मोडीत काढाव्यात हा यामागचा हेतू उघड आहे. पण रोज वीस किलोमीटर कामावर जाणाऱ्या माणसाने पंधरा वर्षांची गाडी ठेवलेली असते ती नवी परवडत नाही म्हणून, आणि वाढलेली फी नेमकी त्याच्याच खिशातून जाते, हेही तितकंच उघड आहे.

तरीही या सगळ्यात जड जाते ती उशिराची फी. मुदत संपल्यानंतर दुचाकीला दरमहा ३०० रुपये जादा लागतात, आणि महिना अर्धवट असला तरी पूर्ण धरतात. दोन वर्षं दुर्लक्ष झालं तर ७२०० रुपये. एवढ्या पैशांत वेळेवर केलेली सात रिपासिंगं होतात.

एक अफवा आधी बाजूला करू. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच द्यावी लागते, असं बरेच जण समजतात. तसा नियम सरकारी मालकीच्या वाहनांना आहे, १ एप्रिल २०२३ पासून. दिल्ली परिसरातल्या जुन्या खासगी गाड्यांचा प्रश्न न्यायालयाच्या आदेशांमुळे वेगळा आहे. महाराष्ट्रात तुमची खासगी दुचाकी तपासणीत पास झाली तर कायद्याने चालवता येते. ‘आता ही कायद्याने बंद झाली’ असं सांगून कोणी मातीमोल भावात गाडी मागत असेल तर देऊ नका.

पहिलं काम: तारीख आणि नाव

आज घरी गेल्यावर आरसी काढा. गाडी कधी घेतली हे आठवत बसू नका, नोंदणीची मुदत कधी संपते ती तारीख बघा. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो. मोबाइलमध्ये त्या दिवसाची आठवण लावा. त्याच्याही दोन महिने आधीची दुसरी आठवण लावा, कारण बाकीची कागदपत्रं जमवायला वेळ त्यातच जातो.

मग आरसीवरचं नाव बघा. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, हे आपल्याकडे सर्रास. वडील हयात असतील तर त्यांच्या नावाने रिपासिंग करायला अडचण नाही, सह्या तेवढ्या त्यांच्या लागतात. वडील गेले असतील तर गाडी आधी वारसाच्या नावावर करायला हवी. त्यासाठी फॉर्म ३१ असतो, सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांची संमती लागते. नियमाने हा अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत करायचा असतो. दुःखाच्या दिवसांत हे कोणाला सुचत नाही, हे मी जाणतो. पण नोंदणीची मुदत जवळ आली असेल तर ती संपायच्या आधी हे उरका. नंतर दोन्ही गुंते एकत्र सोडवावे लागतात.

गाडी कर्जावर घेतली होती का, तेही बघा. कर्ज फिटून बारा वर्षं झाली तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच असतो, कारण तो उतरवायला कोणी गेलेलंच नसतं. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो काढता येतो. शाखा बंद झालेली असते, बँकेचं विलीनीकरण झालेलं असतं, म्हणून या पत्राच्या मागे सगळ्यात आधी लागा.

गाडी एका जिल्ह्यातली आणि राहणं दुसऱ्या जिल्ह्यात असेल, म्हणजे पाटी सांगलीची एमएच-१० आणि मुक्काम पुण्यात, तर दोन वाटा आहेत. एक तर तपासणीसाठी गाडी सांगलीला न्यायची, नाहीतर आधी पत्ता बदलून घ्यायचा. पत्ता बदलायला मूळ आरटीओचं ना-हरकत लागतं आणि त्यात वेळ जातो. गाडी सुस्थितीत असेल आणि गावाकडे जाणं-येणं असेल, तर सणाला जाताना तिकडेच काम करून येणं सोपं.

ऑनलाइन नोंद तपासा

परिवहन पोर्टलवर गाडीचा क्रमांक आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच अंक टाकून गाडीची नोंद उघडते का बघा. पंधरा वर्षांपूर्वीचा मोबाइल नंबर आज बहुतेकांकडे नसतो, आणि ओटीपी त्याच नंबरवर जातो. म्हणून पहिल्यांदा नंबर बदलून घ्या. वीस वर्षांपूर्वीच्या, पुस्तकी आरसी असलेल्या काही गाड्यांची नोंद संगणकात गेलेलीच नसते. तशी असेल तर मूळ आरसी घेऊन आरटीओत जा आणि बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात, करून घ्या. ती झाल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

ई-चलनं याच वेळी बघा. पोलिसांचा कॅमेरा वर्षानुवर्षं फोटो काढत असतो आणि नंबर बदलल्यामुळे मेसेज आपल्यापर्यंत येत नाहीत. थकलेल्या चलनांवरून काम अडकू शकतं.

विमा, पीयूसी, पाटी

जुन्या गाडीला संपूर्ण विमा घ्यायची सक्ती नाही, थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा, मात्र हवाच. १ जून २०२२ ला ठरलेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये आहे, १८ टक्के जीएसटी धरून साधारण ८४३. हा दर सगळ्या कंपन्यांना सारखाच असतो. कोणी याच्या दुप्पट सांगत असेल तर त्यात आणखी काय काय घातलंय ते विचारा.

पीयूसीला, म्हणजे धुराच्या तपासणीला, जाण्याआधी एअर फिल्टर साफ करा, प्लग बघा, मेकॅनिककडून कार्बोरेटर ट्यून करून घ्या. २००० नंतरच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आहे आणि मोजणी गाडी उभी, इंजिन आयडलिंगला असताना होते. थंड इंजिनावर आकडा वाढतो, म्हणून चार-पाच किलोमीटर चालवून मगच मशीनपुढे उभी करा.

१ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदवलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर पाटी, म्हणजे एचएसआरपी, बसवून घ्यावी लागते. तिच्याशिवाय आरटीओतली कामं अडतात. महाराष्ट्रात दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये, असा दर ठरलेला आहे. बुकिंग परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट बऱ्याच आहेत आणि त्यांवर भरलेले पैसे परत मिळत नाहीत. पाटीची तारीख कधी कधी उशिराची मिळते, म्हणून हे काम शेवटी ठेवू नका.

अर्ज आणि पैसे

नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५. पोर्टलवर तो भरला की रकमा एकाखाली एक दिसतात: नूतनीकरणाची फी, तपासणीची फी, स्मार्ट कार्डचे २०० रुपये, टपालाचा खर्च, आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीला महाराष्ट्रात लागणारा पर्यावरण कर. हा कर पाच वर्षांचा एकदम घेतात. वेळेवर केलेल्या रिपासिंगमध्ये बरेचदा सर्वांत मोठा आकडा हाच असतो, आणि रिपासिंगला फक्त हजार रुपये लागतात असं समजून गेलेला माणूस इथेच चमकतो.

पैसे भरायच्या आधी हा तक्ता मोबाइलवर टिपून घ्या. एजंट ‘सरकारी फीच एवढी आहे’ म्हणून जो आकडा सांगतो, त्याच्याशी तो ताडून बघा. एजंट लावूच नका असं मी म्हणत नाही. रोजंदारी बुडवून दोन खेपा घालण्यापेक्षा काहींना ते परवडतं. पण सरकारी पावती तुमच्या हातात हवी, आणि त्याचा मेहनताना वेगळा ठरवून घ्या. आम्हाला एकाने सांगितलेला आकडा आणि पोर्टलवरचा आकडा यांत पावणेदोन हजारांचा फरक होता. विचारल्यावर तो लगेच खाली आला.

अर्जासोबत मूळ आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा लागतो. आरसी हरवली असेल तर आधी पोलिसांत तक्रार, मग फॉर्म २६ भरून दुसरी प्रत.

तपासणीच्या आदल्या रविवारी

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हे आहे आणि याला पैसे लागत नाहीत. चेसिस नंबर शोधा. बहुतेक मोटारसायकलींवर तो हँडलखालच्या मानेवर ठोकलेला असतो. पंधरा पावसाळ्यांनी त्यावर गंज, ग्रीस आणि चिखलाचा थर चढवलेला असतो. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं त्यावर अर्धा तास ठेवा आणि मऊ ब्रशने घासा. पॉलिश पेपर किंवा कानस अजिबात लावू नका. आकडे एकदा पुसट झाले की गाडीबद्दलच शंका येते आणि नंबर पुन्हा ठोकून घ्यायची परवानगी काढावी लागते, तो फार मोठा व्याप आहे. आकडे दिसू लागले की कागद ठेवून त्यावर पेन्सिल फिरवा आणि छाप आरसीशी जुळवा. तीच छाप आरटीओतही मागतात. इंजिन नंबरही असाच बघून ठेवा. मधल्या काळात इंजिन बदललं असेल आणि आरसीवर त्याची नोंद नसेल, तर ते तपासणीच्या टेबलावर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

मग गाडीभोवती एक फेरी मारा. हेडलाइट, टेललाइट, ब्रेकचा दिवा, चारही इंडिकेटर, हॉर्न, दोन्ही आरसे. टायरची नक्षी. दोन्ही ब्रेक. साडी गार्ड काढून ठेवलेला असेल तर पुन्हा लावा. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला असेल तर मूळचा लावा. गाडीचा रंग बदलला असेल तर तोही आरसीवर नोंदवलेला असावा लागतो. शंभर रुपयांचा बल्ब गेलेला असल्यामुळे गाडी नापास होऊन पुन्हा अपॉइंटमेंट घ्यावी लागलेली माणसं मी रांगेत पाहिली आहेत.

तपासणीला गाडी प्रत्यक्ष न्यावीच लागते, हे काम घरबसल्या होत नाही. मुदत आधीच संपलेली असेल तर गाडी चालवत न नेता टेम्पोत घालून नेणं शहाणपणाचं. वैध नोंदणी नसताना चालवल्यास पहिल्या वेळी २००० ते ५००० रुपये दंड आहे, आणि वाटेत कोणाला धक्का लागला तर विम्याचा दावा लांबतो. हा टेम्पोचा खर्चही शेवटी उशिराचाच खर्च.

गाडी ठेवावी का, हा प्रश्न

अर्ज भरायच्या आधी एकदा बेरीज करा. फी, पर्यावरण कर, पाटी, विमा, आणि गाडी पास होण्यासाठी लागणारी दुरुस्ती. आलेल्या बेरजेला ६० ने भागा, म्हणजे पाच वर्षांतला दरमहाचा खर्च कळेल. इंजिन ठणठणीत असेल तर नव्या गाडीच्या हप्त्यापुढे हा आकडा काहीच नाही, आणि अशा वेळी गाडी ठेवावी असंच मी सांगेन. इंजिन धूर ओकत असेल, चेसिसला वेल्डिंग असेल, तर मान्यताप्राप्त वाहन मोडणी केंद्रात द्या आणि ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी मोडणीला दिल्याचा दाखला, घ्या. त्या प्रमाणपत्रावर नवी गाडी घेताना नोंदणी फी माफ होते. केंद्राच्या नियमात खासगी वाहनाला मोटार वाहन करातही २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे, प्रत्यक्ष टक्का राज्य ठरवतं. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला गाडी दिलीत तर हे काहीच मिळत नाही. वर नोंद तुमच्याच नावावर राहते आणि ती गाडी उद्या कुठे, कोण, कशासाठी वापरेल ते सांगता येत नाही.

गाडी पास झाल्यावर स्मार्ट कार्ड टपालाने घरी येतं. आल्या आल्या नावाचं स्पेलिंग, इंजिन नंबर आणि नवी मुदत वाचून घ्या, आणि आरसी डिजिलॉकरमध्ये उतरवा, पोलिसांना ती चालते. नवी मुदत पाच वर्षांनंतरची असेल. आमच्या गाडीची २०३० च्या जानेवारीत संपते. तेव्हा ती वीस वर्षांची होईल आणि फी किमान २००० असेल. आरसीच्या प्लॅस्टिकच्या पाकिटावर आईने ती तारीख मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवली आहे.