जुन्या फ्लॉपींवरील सॉफ्टवेअर जतन करताना या चुका टाळा

घरगुती संगणकांच्या पहिल्या दोन दशकांतील बरेचसे सॉफ्टवेअर आजही फ्लॉपींवरच पडून आहे. १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून भारतीय शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रोच्या काळातील डिस्क, परदेशातून कुणीतरी आणलेले कमोडोर ६४ चे खेळ, नव्वदच्या दशकातील पीसीवरचे हिशेबाचे प्रोग्रॅम आणि मराठी अक्षरजुळणीच्या फायली, हे सारे त्यात आले. या डिस्क वयोमानाने खराब होतात हे खरेच. परंतु तीस वर्षे तग धरून राहिलेली डिस्क अनेकदा ती वाचायला बसलेल्या माणसाच्या घाईमुळे अर्ध्या तासात कायमची जाते. डिस्कवरील चुंबकीय संकेत जसाच्या तसा उतरवून घेणे हे एक काम आहे आणि त्याचा अर्थ लावणे हे दुसरे. ही दोन कामे एकत्र केल्यामुळेच पुढील बहुतेक चुका होतात.

डिस्क ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी

पहिली चूक म्हणजे लेखनबंदी न करता डिस्क आत घालणे. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातील पट्टी सरकवून छिद्र उघडे केले की लेखन बंद होते. सव्वापाच इंची फ्लॉपीत नेमके उलट आहे, तिथे कडेची खाच झाकावी लागते. ती झाकताना पारदर्शक सेलोटेप वापरू नये, कारण अनेक ड्राइव्हमधील सेन्सर प्रकाशावर चालतो आणि त्याला खाच उघडीच दिसते. म्हणून अपारदर्शक पट्टी लावावी. ‘आपण फक्त वाचणार आहोत’ हा भरवसा पुरेसा नाही. विंडोज ९५ आणि ९८ या प्रणाली लेखनबंदी नसलेल्या फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये (डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या भागात) निर्मात्याच्या नावाच्या जागी आपली खूण गुपचूप लिहीत असत. त्याहून धोकादायक म्हणजे अनोळखी स्वरूपाची डिस्क दिसताच ती फॉरमॅट करण्याविषयी विंडोज विचारते तो प्रश्न; तिथे सवयीने ‘होय’ दाबले गेले तर सारेच संपते.

दुसरी चूक आपल्या हवामानात विशेष महाग पडते. कोकण, मुंबई किंवा गोव्याच्या दमट हवेत पावसाळे काढलेल्या फ्लॉपींवर बुरशी धरते. सव्वापाच इंची डिस्कच्या मधल्या कड्यात बोट घालून ती हळूहळू फिरवावी आणि आवरणाच्या लांबट फटीतून दिसणारा पृष्ठभाग तिरप्या उजेडात पाहावा. त्यावर राखाडी ठिपके, मळकट वर्तुळे किंवा तपकिरी ओरखडे दिसले तर ती डिस्क तशीच ड्राइव्हमध्ये घालू नये. बुरशी हेडला (डिस्क वाचणाऱ्या भागाला) चिकटते, हेड पुढच्या ट्रॅकवर (नोंदींच्या वर्तुळावर) ओरखडा काढते आणि त्याच ड्राइव्हमध्ये नंतर घातलेली निरोगी डिस्कही खरवडली जाते. अशा वेळी आवरणाची वरची कड पात्याने उघडून आतील चकती अलगद बाहेर काढावी, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने दोन्ही बाजू हलक्या हाताने पुसाव्यात, पूर्ण वाळू द्याव्यात आणि एखाद्या निरुपयोगी फ्लॉपीच्या स्वच्छ आवरणात ती चकती घालून वाचावी. मूळ आवरण लेबलासकट जपून ठेवावे. थिनर किंवा ॲसिटोन कदापि वापरू नये. बुरशीचे काम तोंडाला मास्क लावून आणि मोकळ्या हवेत करावे.

ड्राइव्हही तितकाच जुना असतो, हे विसरले जाते. त्याची पहिली चाचणी नेहमी टाकाऊ डिस्कवर घ्यावी. चाचणीच्या किंवा वाचनाच्या वेळी कर्कश आवाज आला तर त्याच क्षणी ड्राइव्ह थांबवावा. तो चुंबकीय थर खरवडला जात असल्याचा आवाज असतो. हेड अल्कोहोलच्या काडीने पुसावे, मात्र वरच्या हेडचा दांडा जोराने उचलू नये, कारण तो वाकला तर ड्राइव्ह कामातून गेला.

फायली कॉपी करणे म्हणजे जतन नव्हे

फ्लॉपी उघडून त्यातील फायली फोल्डरमध्ये ओढून घेतल्या की काम झाले, असे अनेकांना वाटते. त्यात बूट सेक्टर, पुसलेल्या फायलींचे अवशेष आणि डिस्कची मूळ मांडणी हरवते. संपूर्ण डिस्कची सेक्टर इमेज, म्हणजे प्रत्येक सेक्टरची (ट्रॅकच्या छोट्या भागाची) प्रत एका फायलीत, घेणे हे त्याहून बरे. पण संरक्षित खेळांच्या बाबतीत तेही अपुरे ठरते. प्रत रोखण्यासाठी प्रकाशक मुद्दाम दर वाचनाला वेगळे दिसणारे बिट, नेहमीपेक्षा लांब ट्रॅक किंवा एकाच क्रमांकाचे दोन सेक्टर ठेवत, आणि साध्या सेक्टर इमेजमध्ये यांतले काहीच उतरत नाही.

बाजारातील यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह सहसा फक्त पीसीच्या १.४४ मेगाबाइट आणि ७२० किलोबाइट डिस्क वाचतो. अमिगा संगणकाची ८८० किलोबाइट डिस्क किंवा जुन्या मॅकिंटॉशची ४०० व ८०० किलोबाइट डिस्क त्याला वाचता येत नाही, आणि मग चांगली डिस्क ‘खराब’ म्हणून कचऱ्यात जाते. म्हणूनच ग्रीझवीझल, क्रायोफ्लक्स किंवा सुपरकार्ड प्रो यांसारखे फ्लक्स उपकरण आणि पीसीचा मूळ ड्राइव्ह ही जोडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हे उपकरण चुंबकीय बदलांमधील कालावधी नोंदवते आणि त्यांचा अर्थ लावण्याचे काम नंतरसाठी सोडते. फ्लक्सच्या फायली कित्येक पट मोठ्या होतात, परंतु आज साठवणीची चणचण नाही. अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल यांची १९८५ च्या सुमाराची अमिगावरील चित्रे २०१४ मध्ये प्रकाशात आली, तेव्हाही कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक क्लबाने आधी क्रायोफ्लक्सने डिस्क उतरवल्या आणि अनोळखी फाइल स्वरूपांशी झटापट नंतर केली.

वाचन अडखळते तेव्हा

ड्राइव्हचा दिवा सतत पेटलेला राहून काहीच होत नसेल, तर रिबन केबल बहुधा उलटी बसली आहे. साडेतीन इंची ड्राइव्ह ५ व्होल्टवर चालतो. सव्वापाच इंचीला १२ व्होल्टही लागतात, तेव्हा तो यूएसबीच्या विजेवर चालेल अशी अपेक्षा ठेवू नये.

४० ट्रॅकची डिस्क ८० ट्रॅकच्या ड्राइव्हमध्ये वाचताना हेडने प्रत्येक वेळी दोन पावले टाकावी लागतात. ही सूचना द्यायची राहिली तर ट्रॅकचे क्रमांक जुळत नाहीत आणि जवळजवळ एक आड एक ट्रॅक चुकीचा दिसतो. डिस्कमध्ये मात्र काहीच बिघाड नसतो. याच्या उलट, ३६० किलोबाइटची एखादी डिस्क तिच्या मूळ जातीच्या ड्राइव्हमध्ये वाचत नाही, पण १.२ मेगाबाइटच्या ड्राइव्हमध्ये नीट वाचते, असेही घडते. त्या डिस्कवर कधीतरी १.२ मेगाबाइटच्या ड्राइव्हने लिहिलेले असते. त्याचे हेड अरुंद असल्याने जुन्या नोंदींच्या कडा शिल्लक राहतात आणि रुंद हेडला जुने व नवे दोन्ही एकदम ऐकू येते.

कमोडोर आणि ॲपलच्या ड्राइव्हना इंडेक्स छिद्राची (चकतीची फेरी कुठे सुरू होते ते दाखवणाऱ्या छिद्राची) गरज नव्हती, त्यामुळे लोक डिस्कला दुसरी खाच पाडून ती उलटी करून मागची बाजूही वापरत. पीसीच्या ड्राइव्हमध्ये अशी उलटी डिस्क घातली की छिद्र सेन्सरसमोर येत नाही आणि वाचन सुरूच होत नाही. त्यावर उपाय म्हणून मूळ आवरणाला नवे छिद्र पाडणारे लोक आहेत. तसे करू नये. उलट्या बाजूसाठी बदल केलेला ड्राइव्ह मिळवावा.

एखाद्या ट्रॅकवर चूक आली की ‘पुन्हा प्रयत्न’ दाबत बसणे ही सर्वांत घातक सवय आहे. ३०० फेऱ्यांच्या गतीने एका मिनिटात हेड त्याच जागेवर ३०० वेळा घासते. प्रत्येक ट्रॅकच्या पाच फेऱ्या नोंदवायला केवळ एक सेकंद लागतो, म्हणजे ८० ट्रॅकच्या दोन्ही बाजू तीन मिनिटांच्या आत उतरतात. एवढे झाले की डिस्क बाहेर काढावी आणि पुढचा विचार संगणकावर करावा. पुन्हा वाचायचेच असेल तर हेड पुसून, शक्यतो वेगळ्या ड्राइव्हवर वाचावे. मूळ लेखन किंचित सरकलेल्या हेडने झाले असेल तर दुसरा ड्राइव्ह आश्चर्यकारकरीत्या यशस्वी होतो, आणि दोन वाचनांतील चांगले सेक्टर एकत्र जोडता येतात.

इमेजचा आकारही आधी पाहावा. १.४४ मेगाबाइट डिस्कची इमेज १४,७४,५६० बाइटची, अमिगाची एडीएफ इमेज ९,०१,१२० बाइटची आणि कमोडोरच्या १५४१ ड्राइव्हच्या डिस्कची ३५ ट्रॅकची डी६४ इमेज १,७४,८४८ बाइटची असते. १५४१ ची चूक ओळखण्यासाठीची तपासबेरीज (चेकसम) केवळ एका बाइटची असल्याने ‘चूक नाही’ या निकालावर विसंबू नये. दोन स्वतंत्र वाचने पडताळावीत.

इमेज मिळाल्यानंतर

अँटिव्हायरसला इमेजच्या फोल्डरपासून दूर ठेवावे, नाहीतर जुना विषाणू सापडताच तो इमेजच बदलू किंवा पुसू शकतो. १९८६ चा लाहोरचा ‘ब्रेन’ विषाणू डिस्कवरील काही जागा खराब म्हणून नोंदवून तिथे लपत असे, आणि १९९० मध्ये भारतात आढळलेला ‘जोशी’ तर ५ जानेवारीला संगणक अडवून आपल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करायला लावत असे. हे विषाणू आता इतिहासाचा भाग आहेत. मूळ इमेज तशीच ठेवून स्वच्छ केलेली प्रत वेगळी करावी. लेबलाचे छायाचित्र, ड्राइव्हचा प्रकार आणि हॅश (फाइल बदलली का ते ओळखण्याचा सांकेतिक ठसा) इमेजसोबत नोंदवावा. भारतीय कॉपीराइट कायदा कायदेशीर ताबेदाराला नुकसानीपासून संरक्षणासाठी प्रत करू देतो. ती इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवण्याची मुभा त्यात येत नाही.

मराठी मजकूर असेल तर तो लगेच युनिकोडमध्ये बदलून मूळ फाइल टाकून देऊ नये. जिस्ट कार्डाच्या (संगणकावर भारतीय लिप्या आणणाऱ्या कार्डाच्या) काळातील मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतांत असतो, तर श्री-लिपी किंवा आकृतीसारख्या फॉन्टमधील मजकुराला त्या त्या फॉन्टची स्वतःची सांकेतिक मांडणी असते. म्हणून फॉन्टच्या फ्लॉपीही त्याच संचात उतरवाव्यात. रूपांतर केलेली पाने तपासताना ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे आधी पाहावीत, कारण फॉन्टच्या मांडणीत वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर लिहिलेला असतो, आणि रूपांतरकाची गल्लत बहुधा तिथेच होते.