महापालिकेच्या निविदेवर हरकत कशी घ्यावी

कचरा उचलणे, उद्यानाची देखभाल किंवा सुरक्षारक्षक पुरवणे असे एखादे काम ठेकेदाराकडे जाणार असते. त्यातली एखादी अट खटकली की आपण पुणेकर चर्चा भरपूर करतो, पण अर्ज द्यायला जातो तोवर कार्यारंभ आदेश निघालेला असतो. म्हणून सर्वांत आधी तारखा पाहा.

राज्य सरकारच्या महाटेंडर्स या ई-निविदा संकेतस्थळावर निविदा उघडा. प्रीबिड बैठक (निविदा भरण्याआधी इच्छुकांच्या शंका ऐकण्याची बैठक), निविदा भरण्याची मुदत आणि तांत्रिक लिफाफा (पात्रतेची कागदपत्रे; दर वेगळ्या लिफाफ्यात असतात) उघडण्याचा दिवस लिहून ठेवा. शुद्धिपत्रकेही वाचा, त्यात अटी बदललेल्या असतात.

अटींवरची हरकत प्रीबिडच्या आधीच द्या. अट मुकाट्याने मान्य करून निविदा भरली आणि हरल्यावर तीच अट अन्यायाची म्हटली, तर न्यायालयात टिकणे अवघड जाते.

अर्जात ‘ठेकेदार ठरलेलाच आहे’ असे लिहू नका. पान आणि अट क्रमांक द्या. त्या अटीमुळे स्पर्धा कशी घटते ते सांगा. उदाहरणार्थ, कामाच्या रकमेच्या कितीतरी पट उलाढाल मागितली आहे, किंवा एकाच कंपनीच्या यंत्राचे वर्णन जसेच्या तसे उतरवले आहे. शेवटी नेमका कोणता बदल हवा ते लिहा. अर्ज खातेप्रमुखांना, प्रत आयुक्तांना. आवक-जावक कक्षातून शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. मी एकदा एका कार्यालयात टेबलावर अर्ज ठेवून आलो होतो. पुढे ‘असा अर्जच नाही’ हे उत्तर ऐकावे लागले, आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हते.

तुम्ही भरलेली निविदा अपात्र ठरली असेल तर त्याच दिवशी लेखी कारणे मागा. माहिती अधिकारात उत्तराला 30 दिवस लागू शकतात, तेवढा वेळ हातात नसतो. मात्र पुराव्यासाठी तो अर्जही कराच: एकच विषय, 150 शब्दांच्या आत, 10 रुपये शुल्क. तांत्रिक मूल्यमापनाचा तक्ता, दरांचा तुलनात्मक तक्ता आणि अपात्रतेची टिप्पणी मागा. दर उघडण्याआधी मागितल्यास व्यापारी गोपनीयतेचे कारण देऊन नकार मिळू शकतो. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर 30 दिवसांत पहिले अपील करा.

कंत्राटी कामगारांचे वेतन किंवा भविष्यनिर्वाह निधी बुडत असेल, तर ती तक्रार वेगळी. ती कामगार आयुक्त आणि भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाकडे करा.

महापालिकेने दाद दिली नाही तर नगरविकास विभागाकडे जाता येते. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 451 खाली राज्य सरकार बेकायदा ठराव निलंबित किंवा रद्द करू शकते. त्यापुढे उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 ची रिट याचिका. पुण्याची प्रकरणे मुंबईच्या मुख्य पीठापुढे जातात. टाटा सेल्युलर प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1994 च्या निकालानुसार न्यायालय निर्णय कसा घेतला ते तपासते, कोणता ठेकेदार चांगला हे ठरवत नाही. वकिलाकडे जाताना शिक्क्याच्या प्रती तारखेप्रमाणे लावून न्या, आणि काम सुरू होण्याआधी जा.